पाणी धरणारी भुकटी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे हे काहींना रुचणार नाही. दहावीनंतर माझा आणि त्या विषयाचा संबंध सुटला, आणि तो उभयतांच्या संमतीने सुटला असे म्हणायला हरकत नाही. तरीही यंदाच्या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा कविता आणि प्रवासवर्णन बाजूला ठेवून मी हा विषय घेतला. त्याला कारण आमच्या घरातले आहे.

माझे मामा धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहानशा गावी राहतात. त्यांच्या धाब्याच्या घरात, मागच्या खोलीतल्या खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असे. तिच्यात साखरेसारखी रवाळ, पांढरी भुकटी होती. लहान मुलांनी तिला हात लावू नये म्हणून ती उंच टांगली होती. मोठी माणसेही तिच्याकडे पाहणे टाळीत. २०१८ सालच्या खरिपाची ती शिल्लक होती.

त्या वर्षी पावसाने काय केले ते खानदेशातल्या कुणाला सांगायला नको. ऑक्टोबर अखेर सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पण हे पुढचे. जूनच्या आरंभी, आभाळात ढग येऊ लागले असताना, बाजाराच्या दिवशी एका दुकानदाराने मामांना ही भुकटी दाखवली. चिमूटभर भुकटी पेल्यात टाकली, वर पाणी ओतले, आणि थोड्या वेळाने पेला उपडा केला. पाणी सांडले नाही! पेल्यात बर्फाच्या चुऱ्यासारखा लगदा घट्ट बसला होता. “चारशे पट पाणी धरते. पेरताना खताबरोबर टाका, एक पाणी वाचलेच म्हणून समजा,” असे तो म्हणाला. डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीवर माणूस अविश्वास कसा दाखवणार? मामांनी दोन एकर कापसासाठी भुकटी घेतली. त्यासाठी जे पैसे गेले, ते माझ्या मामेबहिणीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आणि धुळ्याच्या वसतिगृहासाठी बाजूला काढलेले होते.

मामींनी मात्र पिशवी पाहताच एकच प्रश्न विचारला होता. “पानीच नही शे ते हाई धरी काय?” पाणीच नाही तर ही धरणार काय? मामांना त्याचा राग आला. पुढे जुलै-ऑगस्टात पावसाने ओढ दिली, बोअरचे पाणी दोनदा दिले, तरी कापूस गेला तो गेलाच. शेजाऱ्यांचाही गेला. पण शेजाऱ्यांनी भुकटी घेतलेली नव्हती. मामेबहीण आणि मी एकाच वर्षी दहावी झालो, आणि मग ती वर्षभर घरी बसली. आज मी तृतीय वर्ष कलेत आहे आणि ती धुळ्याला द्वितीय वर्ष विज्ञानाला, रसायनशास्त्र घेऊन. हा विषय तिने का घेतला हे मी तिला कधी विचारले नाही. विचारायची गरज पडली नाही.

या लेखातले जे शास्त्र आहे ते तिचे आहे. मराठी माझे.

वाचकहो, ही भुकटी म्हणजे काही जादू नव्हे आणि निव्वळ फसवणूकही नव्हे. तिला हायड्रोजेल म्हणतात. सुकलेल्या अवस्थेतले हायड्रोजेल. पाणी पिऊन फुगणारे, पण पाण्यात न विरघळणारे पदार्थ आपल्या परिचयाचे आहेत. जळगावला उन्हाळ्यात फालुद्याच्या गाडीवर सब्जा मिळतो. कोरडा असताना तो राईपेक्षाही बारीक असतो. दहा मिनिटे पाण्यात ठेवला की प्रत्येक बीभोवती पारदर्शक गोळा तयार होतो. बी तेवढेच राहते, गोळा असतो पाण्याचा. पण ते पाणी ओघळत नाही. बीच्या सालीतून निघालेल्या अतिसूक्ष्म धाग्यांनी ते धरून ठेवलेले असते. इसबगोलाचेही तेच. आणि आपल्या सातपुड्यात तर याहून मोठे उदाहरण उभे आहे. पांढऱ्याशुभ्र सालीचे, पानगळीनंतर रात्री भुतासारखे दिसणारे कांडोळाचे झाड पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला कढई असेही नाव आहे. त्याच्या खोडाला घाव घातला की जो डिंक पाझरतो, तो बाभळीच्या डिंकासारखा पाण्यात विरघळून जात नाही, फुगून बसतो. त्याला शिरक्यासारखा किंचित आंबट वास येतो. आदिवासी बांधव जंगलातून गोळा करून आणतात तो हा डिंक कुठे कुठे जातो पाहा: पोट साफ होण्याच्या औषधांत, आणि म्हातारपणी बसवलेली दातांची कवळी हिरडीला चिकटून राहावी म्हणून जी पूड वापरतात तिच्यातही. घाव जास्त घातले की झाड मरते, आणि अशा हावेपायी कांडोळाची झाडे पुष्कळ ठिकाणी कमी झाली आहेत. असो.

धाग्यांची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. एकाच प्रकारचे लहान रेणू हजारोंनी एकापुढे एक जोडले गेले की जी लांब साखळी तयार होते तिला बहुवारिक म्हणतात. आपण बोलताना पॉलिमर म्हणतो. नुसत्या सुट्या साखळ्या पाण्यात टाकल्या तर त्या विरघळतील आणि चिकट द्राव होईल. पण त्या साखळ्या मधूनमधून एकमेकींना गाठी मारून बांधल्या, तर मासेमारीच्या जाळ्यासारखे काहीतरी तयार होते. आता पाणी आत शिरू शकते, जाळे ताणले जाऊ शकते, पण साखळ्या एकमेकींना सोडून जाऊ शकत नाहीत. हे झाले जेल. गाठी विरळ असतील तर जाळे पुष्कळ ताणते आणि लगदा लिबलिबीत होतो. गाठी दाट असतील तर ते कमी फुगते, पण घट्ट राहते.

मामांच्या भुकटीत आणखी एक युक्ती होती. तिच्या साखळ्यांवर जागोजागी असे गट असतात की पाणी लागताच त्यांच्यावर ऋण विद्युतभार येतो. सारख्या भाराचे दोन गट एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे साखळ्या हातपाय पसरतात. शिवाय त्या भारांच्या जोडीला सोडियमचे धनभारित कण जाळ्यातच अडकून राहतात, आणि आतल्या या खारटपणाला पातळ करण्यासाठी बाहेरचे पाणी आत धावते. मनुका पाण्यात घातल्यावर टचटचीत फुगतो, साधारण त्याच ओढीने. म्हणून ही भुकटी आपल्या वजनाच्या काहीशे पट पाणी पिते. दुकानदाराने सांगितलेला आकडा खोटा नव्हता. त्याने पाणी कोणते ते सांगितले नव्हते, एवढेच.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मामेबहिणीने मला तो प्रयोग करून दाखवला. मामांच्या पिशवीला हात लावायचे धैर्य आम्हा दोघांनाही झाले नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून लहान मुलांचा डायपर आणला. डायपरमध्ये याच जातीची भुकटी असते. बाळ दोन-तीनदा भिजवते तरी दुपटे कोरडे राहते ते तिच्यामुळे. डायपर फाडून, कापूस झटकून आम्ही भुकटी काढली आणि तीन पेल्यांत एकेक चमचा घातली. पहिल्या पेल्यात गॅरेजमधून आणलेले बॅटरीचे पाणी ओतले, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. दुसऱ्यात मामांच्या बोअरचे पाणी. ते तिने बाटलीत भरून एस.टी.ने आणले होते. तिसऱ्यात बॅटरीचेच पाणी, पण चमचाभर मीठ घालून.

पहिला पेला पाच मिनिटांत उपडा करता आला. दुसऱ्यात लगदा झाला, पण सैल. पेला कलता करताच वरचे पाणी निथळून गेले. तिसऱ्यात तळाशी थोडासा चिखल आणि वर निवळ पाणी. भुकटी तीच, चमचा तोच, फरक फक्त पाण्याचा. मग तिने पहिल्या पेल्यातल्या त्या घट्ट लगद्यावर चिमूटभर मीठ टाकले. मी पाहत राहिलो. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीला मीठ चोळल्यावर पाणी सुटते तसे पाणी सुटू लागले, आणि मघाशी उपड्या पेल्यातून न पडलेला गोळा हळूहळू ढासळला.

“आता बाबांच्या शेतात काय झालं ते कळलं का तुला?” तिने विचारले.

कळले. बाहेरच्या पाण्यातच क्षार असले म्हणजे आतला आणि बाहेरचा खारटपणा जवळजवळ सारखा होतो, पाण्याला आत धावण्याचे कारण उरत नाही. शिवाय साखळ्यांवरचे ऋणभार झाकले जातात, त्यांचे एकमेकांना ढकलणे कमी होते. मामांच्या बोअरचे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही आणि हंड्याला पांढरा थर धरतो. हा थर कॅल्शियमचा. कॅल्शियमच्या कणाला दोन धनभार असतात, म्हणून तो शेजारच्या दोन साखळ्यांना एकदम धरून नवी गाठ मारतो. जाळे आवळले जाते, आणि ही गाठ साध्या पाण्याने सहज सुटत नाही. त्यात भर म्हणजे दुकानदाराच्या सांगण्यावरून मामांनी भुकटी डीएपी खतात मिसळून पेरली होती. खत म्हणजे क्षारच. भुकटीच्या दाण्याला पहिले पाणी मिळाले तेच मिठाचे.

पण समजा, पाणी गोडे असते. समजा, मामांनी खत वेगळे टाकले असते. तरी काय झाले असते? इथे शास्त्र लागत नाही, चौथीचे गणित पुरते. मामांनी एकरी दोन किलो भुकटी टाकली होती. एका किलोने ३५० लिटर पाणी धरले असे धरून चाला, म्हणजे एकरी ७०० लिटर. दोनशे लिटरची साडेतीन पिंपे. आता एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर; त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक बरी सर आली, तर जमिनीवर ४० हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. त्यातले ७०० लिटर भुकटीने धरले. शंभरात दोन लिटरसुद्धा नाहीत! आणि बोअरच्या पाण्यात भुकटीने चौथा हिस्साच धरला असे मानले, तर साडेतीन पिंपांचे एक पिंपही उरत नाही. एवढ्यावर दोन एकरांतले एकेक एकर कापूस महिनाभर कसा जगणार? दर पावसाला भुकटी पुन्हा भरते हे खरे. पण त्यासाठी पाऊस यावा लागतो. मामींचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहतो.

मामांच्या त्या दोन एकरांची माती काळी आहे, ही आणखी एक गोष्ट. काळी माती स्वतःच पाणी पिऊन फुगते. तिच्यातल्या चिकणमातीचे पापुद्रे कागदाच्या चवडीसारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरते. पावसाळ्यात ती बैलाचे खूर धरून ठेवते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते याचमुळे. अशा जमिनीत पाणी धरणारी भुकटी टाकणे म्हणजे विहिरीच्या काठी माठ भरून ठेवण्यासारखे. भुकटीचा खरा उपयोग मुरमाड, वाळूसर जमिनीत, जिथे पाणी पडले की खाली निघून जाते.

हे सारे ऐकून भुकटी शोधणाऱ्यांनीच लोकांना फसवले असा कुणाचा समज होईल, तर तो मला होऊ द्यायचा नाही. अमेरिकेत, पिओरिया गावच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात मक्याच्या पिठातल्या स्टार्चवर कृत्रिम बहुवारिकाची कलमे करून शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ तयार झाला. आंब्यावर कलम करतात तसेच रेण्वीय पातळीवरचे हे कलम. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात याच वाटेने ‘जलशक्ती’ नावाची भुकटी तयार झाली. गोव्यातल्या माशेल गावचे रघुनाथ माशेलकर त्या वेळी या प्रयोगशाळेत बहुवारिकांवर काम करीत होते. पुढे १९८९ ते १९९५ ते तिचे संचालक होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुढे ‘पुसा हायड्रोजेल’ काढले. ते वनस्पतींतल्या सेल्युलोजवर आधारलेले आहे, शुद्ध पाण्यात निदान ३५० पट फुगते, आणि उष्ण प्रदेशात वापरता यावे अशा बेताने ते केले आहे. त्याची शिफारस एकरी एक-दोन किलोचीच आहे आणि तीही पेरणीच्या ओळीत, मुळांजवळ. म्हणजे मामांनी घातलेले प्रमाण चुकीचे नव्हते. त्या प्रमाणाकडून ठेवलेली अपेक्षा चुकीची होती. उगवण होत असताना आठ-दहा दिवसांचा ताण कोवळ्या रोपाने सोसावा, रोपवाटिकेत पाण्याच्या पाळ्या कमी व्हाव्यात, लावणीसाठी दूर न्यायच्या रोपांची मुळे या लगद्यात बुडवून न्यावीत, ही त्याची कामे. दुष्काळ टाळणे हे त्याचे काम कधीच नव्हते. शास्त्रज्ञाच्या टेबलावरून निघालेला आकडा दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत त्याच्या पुढचे-मागचे शब्द गळून पडतात. आणि आम्ही शेतकऱ्यांची मुलेही तो आकडा तेवढा पाठ करतो.

आता लेखाच्या दुसऱ्या अंगाकडे वळतो. तो मिठाचा प्रयोग मला दुःखद वाटला, पण मामेबहिणीला तो फार आवडतो. ती म्हणाली, “बाबांच्या दृष्टीनं तो दोष. पण नीट बघ, जेलला बाहेरचं पाणी कसं आहे ते कळतंय आणि ते त्याप्रमाणे वागतंय. या गुणावरच तर जगभर काम चाललंय.” बाहेरची स्थिती किंचित बदलली की आकार बदलणाऱ्या अशा पदार्थांना प्रतिसादी बहुवारिके म्हणतात. कुणी मिठाला प्रतिसाद देते, कुणी आम्लाला, कुणी उष्णतेला.

याचा मोठा शोध अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत तोयोइची तनाका या जपानी शास्त्रज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध केला. जेल ज्या द्रवात आहे त्यातले ॲसिटोनचे प्रमाण किंवा तापमान हळूहळू बदलत नेले, तर जेलही हळूहळू आकसेल असे कुणालाही वाटेल. तनाकांना दिसले ते निराळेच. एका ठराविक बिंदूपर्यंत जेल जवळजवळ तसेच राहते, आणि तो बिंदू ओलांडताच एकदम कोसळते. फुगलेले जाळे क्षणात म्हणावे अशा रीतीने मिटते. पाण्याची वाफ ९९ अंशांना थोडी आणि १०० ला थोडी जास्त अशी होत नाही, एका बिंदूला पाणी उकळते, तसेच हे. १९६८ साली दोन शास्त्रज्ञांनी कागदावर असे भाकीत केले होते, पण पाहिले कुणी नव्हते.

उष्णतेला असा प्रतिसाद देणारे एक प्रसिद्ध बहुवारिक आहे. त्याचे पूर्ण नाव इथे लिहिले तर मुद्रकबंधू माझ्यावर रागावतील. ३२ अंश सेल्सियसच्या खाली ते पाण्याशी मैत्री करून फुगलेले असते. ३२ च्या वर गेले की पाण्याला दूर सारून आकसते. आपला अनुभव उलटा असतो, साखर ऊन पाण्यात लवकर विरघळते. इथे थंडीत विरघळणे आणि उन्हात साखळणे. (जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, हे जेल बिचारे दिवसरात्र आकसूनच बसेल, आपल्यासारखेच.) पण ३२ हा आकडा माणसाच्या अंगच्या ३७ अंशांच्या इतका जवळ आहे की वैद्यकाला त्याची भुरळ पडली. जपानात तेरुओ ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास पात्राच्या तळाला याचा अतिपातळ थर दिला आणि त्यावर ३७ अंशांना पेशी वाढवल्या. पेशींची सलग चादर तयार झाली की पात्र थोडे थंड करायचे. तळाचा थर पाणी पिऊन फुगतो आणि चादर न फाटता आपोआप सुटते. पूर्वी ती रसायनांनी खरवडून काढावी लागे आणि तिचे तुकडे होत. डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा खराब झालेल्या रोग्यांवर अशा चादरी बसवण्यात आल्या आहेत. तव्यावरचे धिरडे न मोडता सुटावे म्हणून आमची आई तव्यावर पाण्याचा हबका मारते, तिला मी हे सांगितले. तिला त्यात विशेष काही वाटले नाही.

आम्लाला प्रतिसाद देणारे बहुवारिक तर आमच्या घरी रोज पोटात जाते. मामांना त्या वर्षापासून पित्ताचा त्रास आहे आणि सकाळी अनशापोटी एक गोळी घ्यावी लागते. त्या गोळीतले औषध आम्लात टिकत नाही. जठरात उघडे पडले तर वाया जाते. म्हणून गोळीवर एक पातळ आवरण असते. जठरातल्या तीव्र आम्लात त्या आवरणाच्या साखळ्यांवर भार येत नाही, त्या मिटून घट्ट राहतात. गोळी लहान आतड्यात उतरली, आम्लता ओसरली, की साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलतात, आवरण विरघळते आणि औषध मोकळे होते. मामा ती गोळी गिळायला जड जाते म्हणून दोन तुकडे करून घेत असत. मामेबहिणीने हे पाहिले त्या दिवशी घरात मोठा आवाज झाला. आता ते अख्खी घेतात. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी गोळी असेल तर वेष्टनावर ‘चावू नये, फोडू नये’ असे लिहिले आहे का ते जरूर पाहावे.

मधुमेह्याच्या रक्तातली साखर वाढली की आपण होऊन फुगणारे आणि इन्सुलिन सोडणारे जेल करण्याचे प्रयत्न कित्येक वर्षे चालू आहेत. प्रयोगशाळेत अशी जेले झाली आहेत; नित्याच्या उपचारात अजून आलेली नाहीत. तेव्हा त्यांबद्दल इथेच थांबावे हे बरे, नाहीतर मीही त्या दुकानदारासारखा बोलू लागेन.

त्यापेक्षा एका जुन्या माणसाची गोष्ट सांगतो, कारण ती मला सगळ्यांत आवडली. डोळ्यात घालण्याचे मऊ भिंग हेही हायड्रोजेलच आहे. ओटो विख्टेर्ले हे चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ. १९६० साली त्यांनी द्राहोस्लाव लिम यांच्यासह, शरीराला न बोचणारे पाणीदार जेल कसे करावे याविषयी लिहिले. पण त्याचे पातळ, नितळ कडांचे भिंग काही जमेना, आणि वरिष्ठांचा या कामावर विश्वास उरला नाही. तेव्हा १९६१ च्या नाताळात विख्टेर्ले यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातल्या पट्ट्या आणि चाके घेऊन, सायकलचा डायनामो बसवून एक फिरते यंत्र तयार केले. फिरत्या साच्यात द्रव पसरून त्याचे भिंग घडले. त्या दिवशी चार भिंगे झाली. आज जगात कोट्यवधी लोक असे भिंग घालतात. आमच्या वर्गातही दोघी आहेत, पण त्यांनी ही गोष्ट ऐकली नव्हती.

पुण्याच्या प्रयोगशाळेचा धागा पुढे कुठवर गेला तेही सांगायला हवे. तिथे जेलवर काम केलेल्या श्यानी वर्गीस पुढे अमेरिकेत गेल्या, आणि २०१२ साली त्यांनी, माशेलकर, आशिष लेले आणि इतर सहकाऱ्यांसह एका नव्या जेलविषयी लिहिले. ते कापले आणि दोन्ही तुकडे आम्लधर्मी पाण्यात एकमेकांना टेकवले की काही क्षणांत सांधले जातात. साखळ्यांना लोंबत्या बाजूच्या शाखा ठेवल्या आहेत आणि त्यांच्या टोकांना एकमेकांचे हात धरता येतील असे गट. आम्ल कमी केले की हात सुटतात, वाढवले की पुन्हा धरतात. शाखा फार आखूड असेल तर हात पोहोचत नाही, फार लांब असेल तर ती स्वतःशीच गुंततो. नेमकी लांबी शोधण्यात सारे कौशल्य. आम्लाच्या भांड्याला पडलेली चीर अशा जेलने बुजवता येते हे त्यांनी दाखवले. आशिष लेले २०२१ मध्ये पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले.

दिवाळीच्या त्या प्रयोगानंतर चार दिवसांनी मी मामांकडे गेलो. जेवणे झाल्यावर मामेबहिणीने ओसरीवर तीन पेले मांडले आणि खुंटीवरची पिशवी काढली. मामा उठून जातील असे मला वाटले होते. ते बसून राहिले. पावसाचे पाणी तिने पत्र्याच्या वळचणीखाली बादलीत धरून ठेवले होते. ते एकात, बोअरचे दुसऱ्यात, आणि डीएपीचे चार दाणे विरघळवलेले पाणी तिसऱ्यात. इतक्या वर्षांनीही भुकटी चांगली होती. पावसाच्या पाण्याचा पेला उपडा झाला, बाकीचे दोन झाले नाहीत. मामा बराच वेळ तिसऱ्या पेल्याकडे पाहत होते.

“म्हणजे त्यानं बाजारात कोणतं पाणी घेतलं होतं?” त्यांनी विचारले.

“बाटलीतलं असेल, बाबा. क्षार काढून टाकलेलं.”

“त्याला तरी माहीत होतं का?”

याचे उत्तर आम्हा दोघांकडेही नव्हते. मामांनी पिशवीतली भुकटी तळहातावर घेतली, बोटाने चोळून पाहिली. मग म्हणाले, बांधाच्या वरच्या अंगाला मुरमाचा तुकडा आहे, तिथे जूनमध्ये लिंबाची वीस रोपे लावायची आहेत. दहा खड्ड्यांत ही घालून बघू, दहांत नको. खत वेगळे, खोल. पहिले पाणी बादलीतले, पावसाचे.

मामींनी आतून विचारले, पिशवी पुन्हा खुंटीला टांगायची का. मामा म्हणाले, नको, फडताळात ठेव, हाताशी.